एमसीबी सारखा पडतो? खटका पुन्हा वर करण्याआधी काय तपासायचं

घरातली लाइट अचानक गेली, पण शेजारी दिवे सुरू आहेत, म्हणजे आपल्याच डीबीतला, म्हणजे खटक्यांच्या पेटीतला, एमसीबी किंवा ईएलसीबी असा कुठला तरी खटका पडलाय. अशा वेळी बहुतेक घरांत तो खटका वर केला जातो. पुन्हा पडला की पुन्हा वर केला जातो. चौथ्यांदा पडला की इलेक्ट्रिशियनला फोन जातो आणि दोनपैकी एक मागणी होते: "मोठा एमसीबी टाका," नाहीतर "तो ईएलसीबी काढून डायरेक्ट करून द्या." या दोन्ही मागण्या जिवावर बेतू शकतात. पहिलीमुळे भिंतीतली वायर जळते, दुसरीमुळे गीझरला हात लावणारा माणूस जातो. हे टाळता यावं म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय. खटका का पडतो हे शोधायला बहुतेक वेळा कुठलंही हत्यार लागत नाही. खटके, प्लग, कागद-पेन आणि तासभराचा वेळ पुरतो.

आधी हे पाहा

डीबीजवळ जळका वास येतोय का? एखादा खटका काळवंडलाय का, प्लास्टिक वितळल्यासारखं दिसतंय का, आतून चरचर ऐकू येते का? कव्हरला हाताची मागची बाजू लावून बघा, गरम लागतंय का? यातलं काहीही असेल तर शोधाशोध नको. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. डीबीत किंवा बोर्डात पाणी शिरलं असेल तरीही हेच. घरात पाणी साचलंय आणि मेनपर्यंत जायला त्या पाण्यातून जावं लागणार असेल, तर जाऊच नका. १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर फोन करून बाहेरून पुरवठा बंद करून घ्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण ज्यांनी पाण्याखाली पाहिलं, त्यांना ठाऊक आहे की पूर ओसरल्यावर भिंती वरून कोरड्या दिसतात, पण पाइपातली ओल बरेच दिवस जात नाही. अशा घरात तपासणी झाल्याशिवाय एकही खटका वर करायचा नाही.

असं काही नसेल तर पुढे जा. पायात रबरी चप्पल आणि हात कोरडे असू द्या. डीबीचं कव्हर उघडायचं नाही, बोर्डाचा एकही स्क्रू काढायचा नाही.

पडलंय नेमकं कोण?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि फोनवर बोलताना लोक नेमकं हेच सांगत नाहीत. डीबीत साधारण तीन प्रकारचे खटके असतात. एका टोकाला मेन किंवा आयसोलेटर. तो फक्त हातानं चालू-बंद होतो, आपोआप पडत नाही. त्याच्या शेजारी रुंद आकाराचा, 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असलेला असतो तो आरसीसीबी. बोलताना यालाच सर्रास ईएलसीबी म्हटलं जातं. त्याच्यावर '३० एमए', म्हणजे ३० मिलीअँपिअर, असं छापलेलं दिसेल. उरलेले ओळीनं उभे असलेले अरुंद खटके म्हणजे एमसीबी. त्यांच्यावर 'सी १६', 'बी १०' असं काहीतरी लिहिलेलं असतं.

एमसीबी आणि आरसीसीबी वेगवेगळ्या कारणांनी पडतात. एमसीबी पाहतो की वायरीतून किती अँपिअर जातायत. जास्त गेले की तो पडतो. आरसीसीबीला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो पाहतो की फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का. ३० मिलीअँपिअर एवढा फरक पडला की तो पडलाच पाहिजे, आणि १५ मिलीअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो. म्हणजे तेवढा करंट तिसऱ्याच वाटेनं, अर्थिंगमधून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चाललाय. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. आरसीसीबी ओव्हरलोडपासून वाचवत नाही. आणि एकाच वेळी फेज व न्यूट्रल दोन्हीला हात लागला, तर माणूस त्याला पंख्यासारखाच एक लोड दिसतो, त्यामुळे तोही पडत नाही. आरसीसीबी आहे म्हणून उघड्या वायरीशी खेळता येत नाही ते यासाठी.

वर करतानाची एक गोष्ट: पडलेला खटका काही वेळा मधेच अडकलेला दिसतो. तो आधी पूर्ण खाली दाबायचा आणि मगच वर करायचा. नाहीतर तो वर टिकत नाही आणि बिघाड नसतानाही बिघाड आहे असं वाटतं.

एमसीबी पडत असेल तर

वर केल्यावर किती वेळात पडतो, ते घड्याळ लावून बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

वर करताक्षणी पडला तर शॉर्ट सर्किट. 'सी १६' एमसीबी त्याच्या आकड्याच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान क्षणात पडतो. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले की एवढा करंट सहज जातो. त्या एमसीबीवरचे सगळे प्लग सॉकेटमधून उपटा, दिवे-पंख्यांची बटणं बंद करा आणि फक्त एकदा वर करून बघा. टिकला तर एकेक वस्तू पुन्हा लावा. जी लावताना पडेल ती दोषी. बहुधा तिच्या वायरीत प्लगच्या तोंडाशी किंवा मागे, सारखी वाकते त्या ठिकाणी बिघाड असतो. इस्त्रीच्या बाबतीत हे फार दिसतं. सगळं काढूनही पडत असेल तर दोष भिंतीतल्या वायरीत किंवा बोर्डात आहे. पुन्हा वर करू नका. शॉर्टवर खटका वर करण्याच्या प्रत्येक खेपेला आतले संपर्क जळतात, आणि कधीतरी तो गरजेच्या वेळी पडायचाच राहतो.

दहा-वीस मिनिटांनी किंवा तासाभरानं पडला तर ओव्हरलोड. गणित सोपं आहे: वस्तूवर लिहिलेल्या वॅटला २३० नं भागा, अँपिअर मिळतात. स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या एमसीबीवर २००० वॅटची इंडक्शन शेगडी (८.७ अँपिअर), १५०० वॅटची किटली (६.५) आणि १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह (५.२) एकदम चालले तर होतात २०.४ अँपिअर. आता इथे घोळ होतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ वर लगेच पडत नाही. मानकानुसार तो १.१३ पटीपर्यंत, म्हणजे १८ अँपिअरला, तासभर टिकलाच पाहिजे, आणि १.४५ पटीला, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला, तासाच्या आत पडलाच पाहिजे. आपले २०.४ या दोन्हींच्या मधले. म्हणून तो एक दिवस पडतो, दोन दिवस पडत नाही, आणि घरच्यांना वाटतं की खटकाच खराब झालाय. तो नीट काम करतोय. शेगडी आणि किटली वेगळ्या सर्किटवर नेणं, किंवा दोन्ही एकदम न लावणं, हा इलाज आहे.

ही मोजणी साधारण ३० अंश तापमान धरून केलेली असते. पश्चिमेच्या भिंतीवर बसवलेली डीबी, एप्रिल-मे महिना आणि नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा असेल, तर एमसीबीच्या आतल्या, तापल्यावर वाकून खटका पाडणाऱ्या पट्ट्या आधीच तापलेल्या असतात आणि खटका लिहिलेल्या आकड्याआधीच पडू शकतो. पण उन्हाळ्यात पडतो म्हणजे उष्णतेनंच पडतो असं धरून चालू नका. सैल स्क्रूमुळेही नेमकं हेच होतं. वायर जिथे एमसीबीत कसलेली असते तिथला स्क्रू ढिला झाला की ती जागा तापते आणि कमी लोडवरही खटका पडतो. एकाच एमसीबीचं तोंड पिवळट पडलंय, जास्त गरम लागतंय, तर वायरमनला सगळे स्क्रू आवळायला सांगा. आगीची सुरुवात बऱ्याचदा अशाच ढिल्या जॉइंटपासून होते.

पंप किंवा जुना एसी सुरू करताना लगेच पडत असेल तर प्रकरण वेगळं. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. साधारण ६ अँपिअर घेणारा १ अश्वशक्तीचा पंप त्या क्षणी ३०-३६ अँपिअर घेईल. 'बी' प्रकारचा १० अँपिअरचा एमसीबी ३० पासूनच क्षणात पडू शकतो, तर 'सी' प्रकारचा १० अँपिअरचा ५० पर्यंत थांबतो. इथे 'बी' काढून 'सी' बसवणं योग्य आहे, आकडा तोच ठेवून. मात्र पंप नुसता गुणगुणतोय, फिरत नाही आणि काही सेकंदांनी खटका पडतो, असं असेल तर कपॅसिटर गेलाय किंवा बरेच महिने बंद राहून पंप जाम झालाय. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरल्यावर मोटार जास्त करंट ओढते, त्यामुळेही असं होतं.

आणि आता 'मोठा एमसीबी'. एमसीबी वायरीसाठी असतो, वस्तूसाठी नाही. घरगुती वायरिंगमध्ये ढोबळमानानं दीडच्या (दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीला १० पर्यंत, अडीचच्या वायरीला १६ आणि चारच्या वायरीला २० अँपिअरचा एमसीबी ठीक. अडीचच्या वायरीवर ३२ चा बसवला तर खटका पडायचा थांबेल, हे खरं. पण आता भिंतीच्या आत वायरीचं आवरण मऊ होऊन सुटेपर्यंत तिला कोणी थांबवणारं नाही. जुन्या चाळींत चिनी मातीच्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळतात, तोही हाच प्रकार. मोठा एमसीबी हवाच असेल तर आधी वायर जाड टाका.

आरसीसीबी पडत असेल तर

इथे लोक जास्त गोंधळतात, म्हणून सावकाश बघू.

सगळे एमसीबी खाली करा. आता आरसीसीबी वर करा. तो रिकामाही टिकत नसेल, तर तो स्वतः खराब आहे किंवा त्याच्या पुढच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी टेकलेत. डीबीतलं पुढचं काम वायरमनचं, तुम्ही फक्त घरातले सगळे प्लग काढून एकदा पुन्हा प्रयत्न करा.

टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा, प्रत्येकामागे मिनिटभर थांबून, आणि काय होतं ते कागदावर लिहा. ठरावीक एकच एमसीबी वर केल्यावर पडत असेल, तर त्या सर्किटमध्ये फेजमधून गळती आहे. त्यावरचे सगळे प्लग काढून पुन्हा वर करा, मग एकेक लावा. वस्तू सापडेल. सगळे काढूनही पडत असेल तर न उपटता येणाऱ्या गोष्टींवर संशय घ्या: थेट जोडलेला गीझर, एक्झॉस्ट पंखा, गॅलरीतला दिवा, बाहेरची बेल.

पण बऱ्याचदा वेगळंच घडतं. कुठलाही एमसीबी वर केला आणि त्यावरचा पंखा किंवा दिवा लावला की आरसीसीबी पडतो. हॉलचा वर केला तरी पडतो, बेडरूमचा केला तरी पडतो. अशा वेळी "आरसीसीबीच गेलाय" असं सांगून नवीन विकला जातो आणि तोही पडतो. खरं कारण बहुधा असं असतं: घरात एका ठिकाणी न्यूट्रल अर्थला टेकलाय. घरातले साधे एमसीबी फक्त फेज तोडतात. न्यूट्रल सगळ्या सर्किटचे डीबीत एकत्र जोडलेलेच राहतात. त्यामुळे हॉलच्या पंख्याचा परतीचा करंट, बंद असलेल्या बाथरूमच्या सर्किटमधल्या त्या टेकलेल्या जागेतून जमिनीत जाऊ शकतो. हिशेब चुकतो, आरसीसीबी पडतो. दोष ज्या सर्किटमध्ये आहे त्याचा एमसीबी खाली ठेवूनही काही उपयोग होत नाही.

म्हणूनच सॉकेटचं बटण बंद करणं पुरेसं नाही. तेही फक्त फेजच तोडतं. प्लग उपटायचा. घरातला प्रत्येक: फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्हीमागचा एक्स्टेन्शन बोर्ड, वॉटर प्युरिफायर, राउटर. सगळं उपटल्यावर आरसीसीबी पंख्या-दिव्यांवर टिकला, तर एकेक प्लग पुन्हा लावा, बटण बंद ठेवूनच. नुसता प्लग लावल्यावर पडला तर त्या वस्तूचा न्यूट्रल अर्थला लागलाय. बटण दाबल्यावर पडला तर फेजमधून गळती आहे. सगळं उपटूनही टिकत नसेल तर वायरमननं डीबीतल्या न्यूट्रल लिंकवरून एकेक न्यूट्रल सोडवून बघायचा असतो.

कुठून सुरुवात करायची? आधी गीझर. बोअरच्या जड पाण्यानं कॉइलवर क्षार बसतात, कॉइलची बाहेरची नळी फुटते आणि आतलं पाणी थेट तारेपर्यंत पोचतं. गीझर लावल्यावर लगेच नाही, पण पाणी तापायला लागल्यावर पाच मिनिटांनी पडत असेल तर कॉइलमधली भेग तापल्यावर उघडतेय असं समजा. असा गीझर दुरुस्त होईपर्यंत त्याच्या पाण्यानं आंघोळ करायची नाही. घरात अर्थिंग धड नसेल, तर त्या पाण्यात आणि नळात करंट असू शकतो.

विदर्भ-मराठवाड्यात कूलर. वर्षभर माळ्यावर पडलेला, पत्र्याचा, खाली पाणी आणि त्या पाण्यात छोटा पंप. पंपाचं आवरण तडकलं की पत्र्याच्या अंगावर करंट. कूलर लावला की आरसीसीबी पडतोय, म्हणजे तो तुमच्या घरातल्या कोणाला तरी वाचवतोय. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, आणि मुलांना त्याच्या जवळ अनवाणी फिरू देऊ नका.

मग पावसाळा. कोकणात तर भिंत बाहेरून पाणी पिते आणि गच्चीवरच्या पाइपातून थेंब बोर्डापर्यंत उतरतो. पाऊस लागला की पडतो, दोन दिवस उघडीप मिळाली की टिकतो, असा क्रम दिसला तर फाटकावरचा दिवा, बाहेरची बेल आणि गच्चीवरच्या पंपाचा जॉइंट तपासून घ्या. गणपतीच्या मखराची आणि दिवाळीत गॅलरीतली रोषणाई, टेप गुंडाळलेल्या जॉइंटसकट, याच यादीत येते. बोर्डात शिरलेली पाल आणि मुंग्याही विसरू नका.

फ्रिजचा एक प्रकार फार चकवतो. बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये बर्फ वितळवायला एक हीटर असतो आणि तो काही तासांच्या अंतरानं थोडाच वेळ चालतो. त्याची गळती असेल तर आरसीसीबी पहाटे तीनला पडेल, दुसऱ्या दिवशी दुपारी पडेल. घरात कोणी कशाला हात लावलेला नसताना. अशा वेळी फ्रिज दोन दिवस दुसऱ्या, सुरक्षित ठिकाणच्या लाइनवर लावता आला तर संशय फिटतो.

कधी एकही वस्तू बिघडलेली नसते. संगणक, एलईडी दिवे, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या आतल्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडा करंट अर्थमध्ये जातोच. सगळ्यांचा मिळून १५ मिलीअँपिअरच्या आसपास गेला की एखादी नवी वस्तू लावल्यावर आरसीसीबी पडायला लागतो. घराचे दोन भाग करून दोन आरसीसीबी बसवणं, किंवा जड सर्किटना स्वतंत्र आरसीबीओ देणं, हा यावरचा नीट उपाय आहे. आरसीबीओत दोन्ही संरक्षणं एकत्र असतात. आणि परतीच्या पावसात वीज कडाडली त्याच वेळी एकदाच पडला, वर केल्यावर टिकला, तर काळजीचं कारण नाही.

इन्व्हर्टर बसवल्यापासून पडतोय?

जुन्या घरात इन्व्हर्टर बसवल्यानंतर आरसीसीबी पडायला लागला, तर वस्तू तपासण्यात वेळ घालवू नका. घाईत केलेल्या जोडणीत एक ठरावीक चूक होते. इन्व्हर्टरची फेज आरसीसीबीच्या आधीच्या वायरीवरून घेतली जाते, आणि त्यावरच्या पंख्या-दिव्यांचा न्यूट्रल मात्र आरसीसीबीतून परत जातो, किंवा याच्या उलट. फेज एका वाटेनं, न्यूट्रल दुसऱ्या, आरसीसीबी पडणारच. नूतनीकरणात एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीतून उसना घेतला, आणि दोन खोल्या दोन वेगळ्या आरसीसीबीवर असतील, तरी असंच होतं. अशा वेळी "आरसीसीबी इन्व्हर्टरला चालत नाही" असं सांगून तो काढून टाकला जातो. चालतो. जोडणी सुधारायला सांगा, आणि इन्व्हर्टर ज्यानं बसवला त्यालाच बोलवा.

वायरमनला बोलावताना

परवानाधारक वायरमन बोलवा, आणि त्याला तुमचा कागद दाखवा: कोण पडतो, किती वेळानं, कुठली वस्तू चालू असताना, पावसात की उन्हात, नवीन काय बसवलं. त्याचे दोन तास वाचतील आणि तुमचे पैसे. त्याच्याकडे मेगर आहे का हे आधीच विचारा. नुसत्या टेस्टरनं गळती सापडत नाही. टेस्टर फेज आहे की नाही एवढंच सांगतो. मेगर ५०० व्होल्ट लावून वायरीच्या आवरणाचा रोध मोजतो. मोजण्याआधी सगळ्या वस्तू काढायच्या. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ हे दोन आकडे प्रत्येक सर्किटचे लिहून घ्या. १ मेगओहमच्या खाली आलेलं सर्किट वापरायचं नाही. न्यूट्रल-अर्थ मोजायचा कंटाळा केला जातो, तो आग्रहानं करून घ्या. वर पाहिलेला सगळ्यात चकवा देणारा दोष तिथेच सापडतो.

एखादा दिवा एकदम प्रखर आणि दुसऱ्या खोलीतला मंद होऊ लागला, तर हे घरातलं दुखणं नसून थ्री-फेज पुरवठ्याचा न्यूट्रल तुटल्याची शक्यता आहे. व्होल्टेज ३०० च्या वर जाऊ शकतं. त्याच क्षणी मेन बंद करा आणि वीज कंपनीला कळवा.

काम झाल्यावर वायरमन निघण्याआधी त्याच्यासमोर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो तिथल्या तिथे बदलून घ्या. यापुढे महिन्यातून एकदा, संगणक बंद करून, हे बटण दाबायचं. आणि प्रत्येक एमसीबीखाली कायमच्या शाईनं लिहून ठेवा: 'किचन', 'गीझर', 'हॉल पंखे', 'गच्ची पंप'. सासू-सासऱ्यांना, मुलांना, घरकामाला येणाऱ्या ताईंनाही मेन कुठे आहे आणि तो खाली कसा करायचा हे एकदा करून दाखवा.